लिंबूटिंबू

आमच्या फ्रिजच्या दारावर पूर्वी दूधवाल्याचा हिशोब असायचा. आता तिथे नातवाचं वेळापत्रक आहे. नातू दुसरीत आहे. सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार तबला, शुक्रवारी हस्ताक्षर, शनिवारी रोबोटिक्स, रविवारी सकाळी स्केटिंग आणि ते आटोपून आला की गीतेचा पंधरावा अध्याय. (पाय आणि जीभ एकाच दिवशी वळवून घ्यायचे.) प्रत्येक क्लासला वेगळा रंग दिल्यामुळे लांबून ते वेळापत्रक पैठणीच्या पदरासारखं दिसतं. त्यात मंगळवारच्या रकान्यात, तबला आणि गृहपाठ यांच्या मधल्या फटीत, फिकट गुलाबी रंगाचा एक छोटा चौकोन आहे. ५.४० ते ६.१०. आत लिहिलंय, 'मोकळा वेळ'.

तो चौकोन माझ्यामुळे आला. 'अगं, जरा खेळू दे त्याला' अशी माझी कुरकुर बरेच दिवस चालू होती. सुनेनं ती ऐकून घेतली, तबल्याच्या सरांशी बोलून क्लास अर्धा तास अलीकडे घेतला आणि एके रात्री मला म्हणाली, "बाबा, बसवला बघा तुमचा मोकळा वेळ." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. हिंजवडीहून दीड तास रहदारीत बसून आलेल्या माणसात टोमण्याइतकं त्राणही उरत नाही. तिनं खरोखरच माझ्या म्हणण्याला मान देऊन तीस मिनिटं काढली होती. त्यामुळे मला पुढे काही बोलताही येईना.

पहिल्या मंगळवारी पाच चाळीसला नातू बूट घालून माझ्या खुर्चीपुढे उभा राहिला.

"आबा, मोकळा वेळ सुरू झाला. आता काय करायचं असतं?"

"काहीही."

"काहीही म्हणजे काय काय?"

एवढी वर्षं नोकरी केली, पण इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, खाली जा. तो म्हणाला, खाली कोणी नाही. ते खरंच होतं. त्याच्या वर्गातल्या मुलाचा मोकळा वेळ बुधवारी असतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा असतच नाही. मग तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. शेजारचा बंगला पाडून तिथे नवी इमारत उठते आहे. तिथल्या वाळूच्या ढिगावर वॉचमनची मुलगी, असेल आठेक वर्षांची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर चढत होती आणि बसून घसरत खाली येत होती. वर, खाली. वर, खाली. नातू ते बघत राहिला. अधूनमधून मला विचारत होता, "किती मिनिटं राहिली?" सहा दहा झाले तेव्हा तो सुटल्यासारखा आत आला आणि गृहपाठाची वही काढून बसला.

आता इथून पुढे 'आमच्या वेळी' असं सुरू करायचा मोह होतो, आणि तो आवरण्याचं वय माझं उलटून गेलेलं आहे. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

नारायण पेठेत आमचा वाडा होता. म्हणजे वाडा मालकांचा, आम्ही भाडेकरू. बारा बिऱ्हाडं, एक चौक, एक हौद, आणि जिन्याखाली मालकांच्या हस्ताक्षरातली पाटी : 'चौकात खेळू नये.' त्या पाटीच्या बरोबर खाली आमची लगोरी रचलेली असे, कारण फरशी तिथेच सपाट होती. पुण्याच्या दुपारच्या झोपेवर आजवर विनोद पुष्कळ झाले. ती झोप नेमकी कुणाच्या सोयीची होती, हे मात्र कुणी ध्यानात घेतलं नाही. एक ते चार या वेळात वाड्यातली सगळी मोठी माणसं आडवी होत आणि शहराचा कारभार मुलांच्या हाती येई. आवाज करायचा नाही, एवढीच अट. बिनआवाजाचं भांडण, बिनआवाजाची लगोरी आणि पडल्यावर बिनआवाजाचं रडणं, या तीन कला मी तिथेच शिकलो. तिसरी पुढे संसारात फार उपयोगी पडली.

पण मला सांगायचंय ते लिंबूटिंबूबद्दल.

वाड्यात खेळ सुरू झाला की कोणी ना कोणी धाकटं भावंड हाताला धरून आणलेलं असायचं. त्याला खेळायला घेतलं नाही तर घेऊन येणाऱ्यालाही खेळता यायचं नाही, असा घरचा दम असे. मग ते पोर लिंबूटिंबू व्हायचं. लिंबूटिंबूनं पळायचं, लपायचं, ओरडायचं, सगळं करायचं. फक्त त्याच्यावर राज्य येत नसे. ते सापडलं तर सगळ्यांनी 'अरे अरे, सापडला की हा!' म्हणून हळहळायचं आणि खेळ तसाच पुढे चालवायचा. आट्यापाट्यांत ते पाटीवरून बिनदिक्कत इकडून तिकडे जाई आणि पाटी धरणारा मोठा मुलगा त्याच्या डोक्यावरून हात उगाच हवेत फिरवी. तो हात मला आजही दिसतो. पकडण्याचा पुरता आव आणायचा आणि पकडायचं मात्र नाही, हे दहा-बारा वर्षांच्या पोराला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

बरं, त्या पदावरून बढती कशी होई? परीक्षा नाही, पत्रक नाही, पालकसभा नाही. मी साधारण नातवाच्याच वयाचा असताना हौदामागे सापडलो आणि नेहमीसारखा हसायला लागलो. तेव्हा राज्य असलेला थोरला मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हसतोस काय? राज्य आलंय तुझ्यावर." मी भोकाड पसरलं. दुपार होती, त्यामुळे तेही बिनआवाजी. मग डोळे पुसले, भिंतीकडे तोंड केलं आणि वीसपर्यंत मोजायला लागलो. चौदाच्या पुढे मोजताना मला कळलं की आपण मोठे झालो. संध्याकाळी ही बातमी घरी सांगितली. आजी गहू निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग? दिलंस का राज्य नीट, की आलास पळून?"

आमच्या घराण्यात माझा सत्कार म्हणावा असा तो एकच प्रसंग.

नातवाच्या जगात लिंबूटिंबूची जागाच राहिलेली नाही, हे मला त्या मंगळवारी गॅलरीत लक्षात आलं. त्याच्यावर राज्य आलं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रवेशाच्या वेळी मुलांना चाळणी लावायला मनाई केली, त्यामुळे आता मुलाखती होत नाहीत. 'गप्पा' होतात. एका शाळेत अशा गप्पा मारायला आम्ही चौघं मोठे त्याच्याबरोबर गेलो होतो. बाईंनी सफरचंदाचं चित्र दाखवून हे काय, असं विचारलं. तो म्हणाला, "महाग." घरात त्याच आठवड्यात तशी चर्चा झाली होती. आम्ही सगळे हसलो; बाईंनी मात्र वहीत काहीतरी लिहिलं. त्या वहीत 'लहान आहे, सोडून द्या' असं लिहायला रकाना नसावा.

यात पुण्याची एक गंमत आहे. खेळाचे नियम करण्यात या गावाचा हात धरणारं दुसरं गाव नसेल. बॅडमिंटनचं एक जुनं नावच मुळी 'पूना'; इथल्या लष्करातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तो खेळ नियमांत बसवला. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला आणि तिथल्या मंडळींनी १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधायला घेतले. मैदान केवढं, खांब किती उंच, 'खो' कसा द्यायचा, सगळं कागदावर. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं आणि पेठांतल्या बारकुड्या पोरांना मल्लखांबावर चढवलं. इतके नियम झाले, संस्था झाल्या, आणि आता आमच्या सोसायटीत उरलाय तो एकच नियम : 'पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई आहे.' हीसुद्धा एका अर्थी जिमखान्याचीच परंपरा म्हणायची. नियम आहे, मैदान तेवढं नाही.

दुसरीकडे अख्ख्या महाराष्ट्राच्या परीक्षांचं माहेरही हेच. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाचं मुख्यालय इथे, स्कॉलरशिप घेणारी परीक्षा परिषद इथे, पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. आणि या सगळ्यांनी जे पेरलं ते उगवतं अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत. जूनमध्ये तिथे एकदा उभं राहून बघा. वरून पाऊस, खाली दुचाकी, आणि मधे प्लास्टिकच्या पिशव्या डोक्यावर धरून 'अपेक्षित आलं का?' विचारणारे बाप. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथी-सातवीला होती, २०१७ मध्ये ती पाचवी-आठवीला गेली. चौथीतल्या मुलांनी हुश्श केलं असेल, असं मला वाटलं होतं. शेजारच्यांनी लगेच 'पाचवीचा पाया' म्हणून तिसरीतल्या मुलीला क्लास लावला.

सरकारला काळजी नाही असं नाही. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा आदेश राज्यानं २०१५ मध्ये काढला. मी हौसेनं वजनकाटा आणला. नातवाचं वजन बावीस किलो, दप्तर सव्वाचार. सुनेला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, वजन वाढवायला हवं त्याचं." २०२४ मध्ये आदेश निघाला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, पोरांची झोप होत नाही. चांगलाच आदेश. पण सकाळचा हा वाचलेला तास मुलांच्या अंथरुणापर्यंत पोचण्याआधी वाटेत कितींनी गाठला असेल, ते आमच्या फ्रिजला विचारा. आमच्याकडे तरी सकाळी सात ते पावणेआठ योगासनं आली.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करारनामा आहे, १९८९ चा. भारतानं तो १९९२ मध्ये मान्य केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांतीचा, फावल्या वेळाचा आणि खेळण्याचा हक्क नमूद केलेला आहे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आजी आठवली. ऐन रंगात आलेल्या डबा ऐसपैसमधून दिवेलागणीला कान धरून ती आम्हाला पर्वचा म्हणायला बसवायची. शुभंकरोती, मग पाढे, मग पावकी-निमकी. औटकीला मी रोज अडखळायचो. तेव्हा 'आमची वेळ सोन्याची' असं काही मी म्हणणार नाही. आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असलेली बहीण तर मुळीच म्हणू देणार नाही. तिला मी परवा फोनवर विचारलं, "तुला आठवतं का गं, आपण चौकात काय काय खेळायचो ते?" ती म्हणाली, "तू खेळायचास. मी तुला सांभाळायचे." मला हाताला धरून खेळात आणणारी ती होती. मी लिंबूटिंबू होतो तेव्हा तिचं निम्मं लक्ष माझ्यावर असायचं. पुढे मला कुणी सांभाळायची गरज उरली नाही, तोवर तिला स्वयंपाकघरात हाका सुरू झाल्या होत्या. तिच्या वाट्याला पुरता खेळ आला तो सागरगोट्यांचा; एका हातानं खेळता येतो, दुसऱ्या हातानं पाळणा हलवता येतो.

म्हणूनच मला बालशिक्षणातल्या त्या दोघी बायकांचं फार नवल वाटतं. एक ताराबाई मोडक, दुसऱ्या अनुताई वाघ. अनुताई आपल्या मोरगावात जन्मलेल्या. तेराव्या वर्षी लग्न, आणि वर्षाच्या आत वैधव्य. म्हणजे त्यांचं स्वतःचं खेळायचं वय कुठे गेलं, ते सांगायला नको. हुजूरपागेतली नोकरी सोडून १९४५ मध्ये त्या बोर्डीला ताराबाईंकडे गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या. तिथली वारल्यांची पोरं शाळेत येईनात. गुरं कोण राखणार? तेव्हा या बायांनी शाळाच उचलून कुरणावर नेली. कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं खेळताहेत, त्यातच चिंचोके मोजून हिशोब होतोय. आम्ही आज नेमकी उलटी वाट धरलेली आहे. खेळ उचलून वर्गात नेला, त्याची फी ठरवली आणि शेवटी प्रमाणपत्रही देतो.

तसं पुण्यातही हे ज्यांना कळलं अशी माणसं होती. १९५६ साली पेशवे पार्कात फुलराणी धावायला लागली. ती कुठेही पोचत नाही, निघते तिथेच परत येते, आणि तरी पुण्यातल्या कितीतरी पिढ्या तिकीट काढून तिच्यात बसल्या. मीही बसलो, माझा मुलगाही बसला. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात शोभाताई भागवतांनी १९८५ पासून मुलांना मातीत, पाण्यात, रंगांत मनसोक्त खेळू दिलं. आमचा मुलगा तिथे जायचा. एकदा मी त्याला आणायला गेलो तेव्हा तो कोपरापर्यंत चिखलानं भरलेला. मी विचारलं, "काय केलंस आज?" "चिखल," तो म्हणाला. 'चिखलाचं काय केलंस' हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, तो कसा कोण जाणे मी गिळला. पालक म्हणून मी केलेल्या मोजक्या शहाण्या गोष्टींत याची गणना करावी. आज तोच मुलगा फ्रिजवरच्या वेळापत्रकाला लॅमिनेशन करून आणतो.

ऑक्टोबरातली गोष्ट. बुधवार होता, सहामाही चार दिवसांवर. परतीच्या पावसानं साडेपाचला जे थैमान घातलं त्यात कोपऱ्यावरचा गुलमोहर तारांवर पडला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. वायफाय गेलं. ऑनलाइन अबॅकस गेलं. आमच्या सोसायटीला जनरेटर नाही. तो विषय दर सर्वसाधारण सभेत निघतो आणि पुढच्या सभेवर जातो. पाऊस थांबला तशी मुलं एकेक करून जिना उतरून खाली आली. नऊ मुलं. दोन वर्षं एका इमारतीत राहूनही त्यांतल्या काहींना एकमेकांची नावं माहीत नव्हती. सगळी पार्किंगमध्ये घोळका करून उभी होती आणि जो तो माझ्या नातवासारखाच चेहरा करून होता : आता काय करायचं असतं?

तेवढ्यात शेजारून पत्र्याच्या फटीतून वॉचमनची मुलगी आली. कडेवर भाऊ, हातात रंगाचा रिकामा डबा. तिनं डबा खाली ठेवला, विटेच्या तुकड्यानं त्याच्याभोवती गोल काढला आणि म्हणाली, "कोण कोण हाय?"

मग नियम ठरायला लागले. लिफ्टमागे लपायचं नाही. चालेल. नाही चालणार. गेटच्या बाहेर गेलं तर आउट. आउट नाही, राज्य. रंग देऊन थप्पा की नाव घेऊन? तिच्या गावाकडे वेगळं, इथे वेगळं. वीस-पंचवीस मिनिटं नुसती वादावादी चालली होती. १९१४ साली जिमखान्यावर याहून वेगळं काय झालं असेल? तिसऱ्या मजल्यावरची मुलगी, जिला मोकळा वेळच नाही, ती तर सर्वांत जोरात भांडत होती. शेवटी हात उताणे-पालथे करून चकले आणि राज्य आलं माझ्या नातवावर.

"आणि याचं काय?" कडेवरच्या पोराकडे बोट करून कोणीतरी विचारलं.

"तो कच्चा लिंबू," मुलगी म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर आली. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. तिनं माझा क्षणभर अंदाज घेतला आणि जाहीर केलं, "हे आजोबा पण."

डबा दूर भिरकावला गेला, नातू तो आणायला धावला आणि बाकीची पोरं अंधारात विरघळली. त्या पोराला तिनं माझ्या मांडीवर टाकलं आणि कुठे गडप झाली ते मलाही दिसलं नाही. दोन लिंबूटिंबू खुर्चीत बसून राहिले. पोरानं माझा चष्मा ओढला. नातू दबकत, डब्याकडे मागे बघत, स्कूटरींच्या रांगेतून फिरत होता. दोन डाव त्याच्यावरच राज्य राहिलं, कारण मुलांनी एकमेकांचे शर्ट बदलले आणि त्यानं चुकीचं नाव घेतलं. 'अंडं फुटलं, अंडं फुटलं' असा गलका झाला. तो रडवेला झाला, नाक पुसलं, पुन्हा मोजायला उभा राहिला. तिसऱ्या डावात त्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला पकडलं आणि आता तो लपायला पळाला, थेट माझ्या खुर्चीमागे. त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

कधीतरी वीज आली. वरून सुनेची हाक आली. ती रहदारीतून नुकतीच पोचली होती आणि पर्स अजून खांद्यालाच होती.

"बाबा, हा कुठंय? क्लास आठ वाजता ठेवलाय त्यांनी. दिसला का तुम्हाला?"

खुर्चीमागचा श्वास थांबला. मांडीवरचं पोर चष्म्याची काडी चघळत होतं. मी वर बघून म्हटलं, "नाही गं. अंधारात काही दिसत नाही."

पार्किंगमधले सगळे दिवे लागून पाच मिनिटं झाली होती.